बागेला राखणदार हवा

देवगडात 'बाग' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हापूसची कलमे उभी राहतात. चैत्र-वैशाखात तर दुसरा अर्थ कोणाच्या मनात येणेच कठीण. पेट्या, गवत, मजूर, राखण आणि वाशीचा भाव ह्यांत सगळा गाव गुंतलेला असतो. ह्या दिवसांत आम्ही वाचकांना थोडा वेळ दुसऱ्या एका बागेकडे नेणार आहोत. ह्या बागेत फळाची पेटी भरत नाही, तिच्यातून कोणाला दोन पैसे सुटत नाहीत, आणि तरीही ती गावातल्या प्रत्येकाच्या मालकीची असते. तिला आपण उद्यान म्हणतो. मुले 'गार्डन' म्हणतात.

अशा उद्यानाचा जन्म बहुधा एकाच रीतीने होतो. जागा ठरते, निधी मंजूर होतो, भोवती चिऱ्याचा गडगा उठतो, पेव्हर ब्लॉकच्या वाटा होतात, घसरगुंडी आणि झोपाळे बसतात, कोठून तरी हिरवळीच्या लाद्या आणून अंथरल्या जातात आणि एका संध्याकाळी फीत कापली जाते. पहिला पावसाळा सगळे उणे झाकून नेतो, कारण कोकणात पावसाळ्यात गडग्याच्या दगडालाही पालवी फुटते. पहिल्या उन्हाळ्यात हिरवळ कडांनी पिवळी पडते. दुसऱ्या उन्हाळ्यात पंप बिघडतो आणि तो कोणी दुरुस्त करायचा ह्याची चर्चा पाऊस येईपर्यंत चालते. तिसऱ्या उन्हाळ्यात झोपाळ्याच्या कड्या खाऱ्या वाऱ्याने गंजून तुटतात, आळ्यांत घाणेरी माजते आणि आया मुलांना तेथे पाठवीनाशा होतात. मग नूतनीकरणाचा ठराव होतो, जुनी फरशी उखडून नवी बसते, आणि पुन्हा फीत कापली जाते. हे चित्र आम्ही कोणत्याही एका गावाचे काढलेले नाही. आपल्या किनाऱ्यावरच्याच नव्हे, घाटावरच्या अनेक लहान शहरांतही ते थोड्याफार फरकाने दिसते.

नवल वाटते ते पुढेच. ज्या देवगडच्या माणसाने उघड्या कातळावर कलमांच्या बागा उभ्या केल्या, त्याच्याच गावात चार झाडे आणि एक हिरवळ का जगू नये? जांभ्याचा कातळ पहारीने, प्रसंगी सुरुंगाने फोडायचा. मीटरभर लांब, तितका रुंद आणि तितकाच खोल खड्डा करायचा. दुरून माती आणून तो भरायचा. कलमाला पहिली तीन-चार वर्षे हंड्या-कळशीने पाणी घालायचे. उन्हाळ्यात गवताची सावली करायची, पावसाअखेर भोवतालचे गवत बेणायचे: हे सारे येथे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. तेव्हा ज्ञानाची उणीव आहे असे म्हणता येत नाही. मातीची उणीव कलमांनाही होती. उणीव आहे ती दुसऱ्याच एका गोष्टीची, आणि तिच्याकडे आम्ही शेवटी येऊ. आधी आपल्या भूमीवर उद्यान म्हणजे नेमके काय काम, ते ऋतूंच्या क्रमाने पाहू.

आपल्या भूमीच्या चार गोष्टी ध्यानात धराव्या लागतात. पहिली, पाऊस. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. दुसरी, कातळ. जांभा सच्छिद्र असल्याने वरचे पाणी भराभर निघून जाते. उलट, जेथे तो अखंड आणि कठीण असतो तेथे खणलेला खड्डा भांड्यासारखा पाणी धरून बसतो आणि मुळे कुजतात. तिसरी, वारा. ज्या सड्यावर वाऱ्याचा जोर पाहून पवनचक्क्या उभारल्या गेल्या, त्याच सड्यावर आपण उद्यानही मांडले. जो वारा पाती फिरवतो तोच कोवळी पालवी फाटून टाकतो, आणि त्याबरोबर समुद्राचे मीठ आणून पानांवर बसवतो. चौथी, विहिरी. किनाऱ्याजवळच्या विहिरींचा उपसा उन्हाळ्यात वाढला की पाण्याची पातळी उतरते आणि पाणी मचूळ होते. असे पाणी नारळ सोशील. विकतची हिरवळ सोसणार नाही.

ह्या चारही गोष्टी कोणाच्या ठरावाने बदलणाऱ्या नाहीत. म्हणून उद्यानाची आखणी करताना कागदावर नकाशा काढण्याआधी वर्षाचे कॅलेंडर समोर ठेवावे.

आपले उद्यानाचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, ते आगोटीला सुरू होते. पावसाच्या आधी घरात लाकूडफाटा, मीठ-मसाला, सुकी मासळी भरून ठेवण्याची जी लगबग असते, तशीच बागेचीही आगोट असते. रोहिणी नक्षत्र लागण्याच्या आत, म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, पाणी वाहून नेणारे चर आणि गटारे मोकळी झाली पाहिजेत. नव्या झाडांचे खड्डे एप्रिलमध्येच खणून उन्हाने तापू द्यावेत, म्हणजे किडीची अंडी आणि बुरशी मरते. खड्ड्याचा तळ अखंड कातळाचा लागला तर पहारीने त्याला उताराच्या बाजूला वाट फोडून द्यावी. वाटेवर आणि बाकांवर लोंबणाऱ्या वाळक्या फांद्या, नारळाच्या सुक्या झावळ्या आणि पिकलेले नारळ ह्याच वेळी उतरवून घ्यावेत. पण छाटणी म्हणजे झाडाचा शेंडा उडवणे नव्हे. शेंडा उडवलेले झाड पुढच्या दोन वर्षांत वेड्यावाकड्या, कमकुवत फांद्या फोडते आणि त्या पहिल्या वादळात तुटतात. फांदी काढायची ती बुंध्याजवळच्या गाठीशी, साल न सोलता काढावी, आणि जखमेवर बोर्डो मलम लावावे.

वादळाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा आंब्याच्या बागांबरोबर रस्त्यांवरची आणि अंगणांतली झाडेही पडली. पडलेली झाडे पाहिली तर दोन गोष्टी ध्यानात येतात. गुलमोहरासारखी भराभर वाढणारी, ठिसूळ लाकडाची झाडे आधी जातात. आणि ज्यांच्या बुंध्याला चारही बाजूंनी सिमेंटचा गळफास बसलेला असतो, त्यांची मुळे आखूड आणि कुजकी निघतात. मुळालाही हवा लागते हे आपण विसरतो. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडांभोवतीची मीटरभर जागा काँक्रीटमुक्त करण्याचा आदेश दिला, तो ह्याच कारणाने. आपल्याकडे वडा-पिंपळाला पार बांधण्याची चाल जुनी आहे. पण जुना पार मातीने भरलेला असे आणि बुंध्यापासून अंतर राखून असे. आजचा गुळगुळीत फरशीचा कट्टा बुंध्याला चिकटून बसतो.

मृगाचा पहिला पाऊस झाला की सगळ्यांना झाडे लावण्याची घाई होते, छायाचित्रेही निघतात. पण पहिल्या सरीने जमीन वरवरच भिजलेली असते आणि मध्येच पावसाने दडी मारली तर रोप जाते. आर्द्रा-पुनर्वसूत, जमीन खोलवर भिजल्यावर, पण ढगाळ दिवस पुढे असताना केलेली लावणी सर्वांत चांगली जगते. रोपाला काठीचा आधार द्यावा. बांधणी मात्र सैल असावी, कारण वाऱ्याने थोडे हललेले खोड जाड होते आणि घट्ट बांधलेले खोड आधार काढताच वाकते. आषाढ-श्रावणात माळ्याचे मुख्य काम पाण्याचे असते, आणि ते पाणी घालण्याचे नसून काढून देण्याचे असते. साचलेल्या आळ्यात मूळ कुजते आणि डासही होतात. टाकळा, रानमोडी, घाणेरी ही तणे फुलावर येण्याआधीच उपटली तर पुढच्या वर्षाचे निम्मे काम वाचते. एकदा बी पडले की पुढची कित्येक वर्षे ती पुरून उरतात.

काय लावावे हा प्रश्न येथेच येतो. रोपवाटिकेत जे चकचकीत दिसते ते आणू नये. गडग्याबाहेर जे आपणहून जगले आहे त्याकडे पाहावे. समुद्राच्या बाजूला उंडी, भेंड, करंज, केवडा आणि निर्गुडी ही खारा वारा सोसणारी मंडळी उभी करावीत; वाळू असेल तेथे मर्यादवेल पसरू द्यावी, कारण तिच्याइतकी वाळू धरून ठेवणारी दुसरी वेल आपल्या किनाऱ्यावर क्वचितच सापडेल. ह्यांची रांग छपराच्या उतारासारखी लावतात: समुद्राकडे बुटकी झुडपे, मग मध्यम, मग उंच झाडे. त्यामुळे वारा वर उचलला जातो. पक्की उंच भिंत वारा अडवील असे वाटते, पण वारा तिच्यावरून उडी मारून पलीकडे भोवऱ्यासारखा कोसळतो. झाडांची थोडी विरळ रांग वाऱ्याला चाळणीतून गाळल्यासारखे हळू करते. आडोसा मिळाला की आत बकुळ, सुरंगी, रातांबा, चाफा, वड, नांदरुक ही सावलीची आणि सुवासाची झाडे सुखाने वाढतात. सुरू लवकर वाढतो, म्हणून किनाऱ्यावर त्याची सरसकट लागवड होते. पण त्याच्या सुयांच्या थराखाली दुसरे फारसे काही उगवत नाही. थोडा असावा, सगळा सुरूच नसावा.

पावसाचा जोर ओसरू लागला की सड्यावर खरे उद्यान फुलते आणि ते कोणी लावलेले नसते. सीतेची आसवे, गेंद, तेरडा, कवला ह्यांचे गालिचे चार-सहा आठवडे कातळावर पसरतात. ही फुले चिमूटभर मातीत आणि कातळातल्या उथळ पाण्यात जगतात. पुष्कळांना हा कातळ ओसाड वाटतो आणि तेथे माती टाकून हिरवळ करण्याचा बेत होतो. आमचे म्हणणे असे, की उद्यानाच्या जागेत असा मूळचा कातळ असेल तर त्याचा एक तुकडा जसाच्या तसा राखावा, त्यावर पायवाट नेऊ नये, आणि भाद्रपद-आश्विनात शाळांतल्या मुलांना तो दाखवावा. त्याला खर्च शून्य आहे, आणि असे उद्यान मुंबई-पुण्याच्या पैशाने तयार करता येणार नाही.

कार्तिकात गवत पिवळे पडू लागले की ते कापलेच पाहिजे. सड्यावरचे वाळके गवत म्हणजे वणव्याचे जळण. एका विडीने माघ-फाल्गुनात सगळी लावणी जळू शकते. कापलेले गवत आणि झाडांचा पातेरा मात्र जाळू नये. बागेतून पातेरा झाडून पेटवून देणे म्हणजे बागेची पुढच्या वर्षाची माती जाळणे होय. तोच पातेरा आळ्यांत वीतभर जाडीने पसरला तर पाण्याची वाफ कमी होते, मुळे थंड राहतात आणि पावसाळ्यात त्याचे खत होते. बुंध्याला तो टेकू देऊ नये, वाळवी लागते. थंडीच्या महिन्यांत मोसमी फुलांचे वाफे करावेत, बाकांचा आणि झोपाळ्यांचा गंज खरवडून रंग द्यावा, कड्या-बोल्ट तपासावेत आणि झाडांची मोजणी करावी. शहरी भागासाठीच्या महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात दर पाच वर्षांनी वृक्षगणना सांगितलेली आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसावृक्ष म्हणून विशेष संरक्षण दिले आहे. आपल्या गावात असे किती वृक्ष आहेत हे नागरिकांनाच माहीत नसेल, तर कायदा कोणाचे रक्षण करणार?

मग येतो उन्हाळा, आणि तोच परीक्षेचा काळ. रोज संध्याकाळी नळीने वरवर शिंपडलेले पाणी झाडाला घातक ठरते; मुळे पाण्यामागे वर येतात आणि एक दिवस पाणी चुकले की करपतात. आठवड्यातून एकदा-दोनदा, पण आळे भरून खोलवर मुरेल असे पाणी द्यावे, तेही पहाटे किंवा सूर्य कलल्यावर. लहान रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे मडके भरून ठेवले तर ते झिरपत झिरपत अनेक दिवस ओल पुरवते. ठिबक नळ्यांहून ही युक्ती जुनी आणि स्वस्त आहे. आणि हिरवळ? आमच्या मते कोकणातल्या लहान गावाने हिरवळीचा मोह आवरावा. मुलांना खेळायला वाळूचे मैदान आणि दाट सावली पुरते. पावसाळ्यात ते मैदान आपोआप हिरवे होईल. उन्हाळ्यात तपकिरी झाले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही, भोवतालचा सगळा सडा तसाच असतो.

आता जीर्णोद्धाराविषयी. देवळाचा जीर्णोद्धार करताना शहाणी माणसे गाभाऱ्याला हात लावीत नाहीत. उद्यानाचा गाभारा म्हणजे त्यातली मोठी झाडे आणि त्यांखालची माती. तेव्हा बिघडलेले उद्यान हाती घेतले तर पहिले एक वर्ष फक्त पाहावे: पाणी कोठे साचते, वारा कोठून येतो, वडीलधारी माणसे कोणत्या सावलीत बसतात, मुले कोठून धावतात. लोकांनी तुडवून पायवाट केली असेल तर आखलेली वाट चुकली असे समजावे आणि वाट तेथे न्यावी. मग आधी पाण्याचा निचरा, नंतर माती, नंतर झाडे, आणि बाके-झोपाळे सर्वांत शेवटी. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो, कारण झोपाळा फितीच्या दिवशी दिसतो आणि माती दिसत नाही.

उथळ मातीवर बाग टिकत नाही, असा आक्षेप कोणी घेईल. मुंबईत मलबार हिलवर पाण्याच्या टाकीच्या छपरावर १८८१ च्या सुमारास बाग केली गेली; तिलाच आपण हँगिंग गार्डन म्हणतो, तिचे नाव फिरोजशहा मेहता उद्यान. छपरावर माती ती किती असणार! पण त्या मातीला साजतील अशी झुडपे आणि कुंपणे लावून, ती सतत कातरून, ती बाग पिढ्यान् पिढ्या राखली गेली. कातर ज्या हातात होती तो हात रोज तेथे होता, हेच त्या बागेचे रहस्य.

ह्याचे आणखी मोठे उदाहरण दूरदेशीचे आहे. न्यू यॉर्कचे सेंट्रल पार्क हे ८४३ एकरांचे उद्यान. ऑल्मस्टेड आणि वॉक्स ह्यांच्या आराखड्यावर १८५८ मध्ये त्याचे काम सुरू झाले. पण १९७० नंतरच्या दशकात त्याची अवस्था अशी झाली की हिरवळींची धूळ झाली, बाके मोडली आणि संध्याकाळी तेथे जायला लोक भिऊ लागले. आराखडा तोच होता. १९८० मध्ये नागरिकांची एक संस्था स्थापन झाली आणि तिने नगरपालिकेबरोबर काम सुरू केले. पुढे तिने जी पद्धत बसवली ती फार साधी आहे. उद्यानाचे ४९ भाग पाडले आणि प्रत्येक भागाला एक माळी नेमून दिला. त्या तुकड्यातले गवत, कचरा, तुटलेले बाक, वाळलेली फांदी, सगळ्याची जबाबदारी त्याची. पूर्वी गवत कापणारे पथक वेगळे, झाडे छाटणारे वेगळे, कचरा उचलणारे वेगळे. कोणाचाही दोष निघत नसे, कारण कोणताही तुकडा कोणाचाच नव्हता. आता येणारा-जाणारा माळ्याला ओळखू लागला, आणि माळी त्या तुकड्याला.

ही गोष्ट वाचताना आम्हांला आपल्याच भूमीतला एक शब्द आठवला: राखणदार. कोकणात प्रत्येक वाडीला, प्रत्येक जागेला राखणदार असतो अशी श्रद्धा आहे, आणि वर्षातून एकदा त्याचा मान चुकवीत नाहीत. कलमांच्या बागेतही मोसमात रात्रंदिवस राखणदार असतो. हल्ली कित्येक बागांत तो नेपाळातून आलेला असतो. म्हणजे, जागा राखली तरच ती टिकते हे आपल्या धर्मातही आहे आणि धंद्यातही आहे. सार्वजनिक उद्यान तेवढे आपण ह्याला अपवाद केले. सुरुवातीला ज्या उणिवेचा उल्लेख केला ती हीच. उद्यान सगळ्यांचे असते, म्हणून त्याची राखण कोणाचीच नसते.

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे हा विषय नगरपालिकांच्या कामांत घातला; १९९३ पासून ती दुरुस्ती अमलात आहे. देवगड-जामसंड्यालाही आता नगरपंचायत आहे. पण अंदाजपत्रकात उद्यानाच्या बांधणीची रक्कम एकदा येते आणि माळ्याचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. पहिलीला टाळ्या मिळतात, दुसरीला मिळत नाहीत. म्हणून नागरिकांनी मागणीच बदलली पाहिजे. नवे उद्यान मागण्याआधी विचारावे: माळी कोण, त्याचा पगार पुढची दहा वर्षे कोठून येणार, आणि एप्रिलमधले पाणी कोणत्या विहिरीचे? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील तर जागा मोकळी राहू द्यावी. मोकळ्या सड्यावर मुले खेळतात, मोडक्या झोपाळ्यावर ती जखमी होतात.

आमची सूचना लहान आहे. येत्या मृगापासून गावातले एकच उद्यान निवडावे. त्यासाठी एक माळी कायमचा असावा, आणि तो कलमांच्या बागेत हात मुरलेला असावा. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र आणि १९७२ मध्ये स्थापन झालेले दापोलीचे कृषी विद्यापीठ सल्ल्याला जवळ आहेतच. उद्यानाच्या दाराशी एक नोंदवही असावी. कोणते झाड कधी लावले, कधी गेले, पाऊस कधी आला, पंप कधी बिघडला आणि किती दिवसांत दुरुस्त झाला, हे तीत लिहिले जावे आणि कोणाही नागरिकाला ती वाचता यावी. शेजारच्या शाळेने एक तुकडा, व्यापाऱ्यांनी एक तुकडा आणि संध्याकाळी बाकांवर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एक तुकडा नजरेखाली ठेवावा. माळ्याला त्यांनी हुकूम सोडू नयेत. तो चार दिवस दिसला नाही तर चौकशी तेवढी करावी.

आज लावलेल्या वडाची सावली आमच्यापैकी पुष्कळांच्या वाट्याला येणार नाही. हापूसच्या कलमाला पहिले खरे पीक यायलाही वर्षे जातात, आणि देवगडचा माणूस ती वाट पाहतो, कारण आपल्यामागे मुलगा ती बाग राखील ह्याची त्याला खात्री असते. सार्वजनिक उद्यानाविषयी तेवढी खात्री एकमेकांना देता आली, तर पुढच्या आगोटीला चर मोकळे करायला माणसे आपोआप जमतील.